एंजिन तेलांची मानके

अंतर्ज्वलन-एंजिनातील वंगण तेलाची श्यानता किती असावी व प्रत्यक्ष वापरात ते कसे टिकावे, यांसंबंधीच्या ठरीव अटींना एंजिन तेलाची मानके म्हणतात. अभियंत्यांच्या व उद्योगांच्या संघटना, राष्ट्रीय मानक संस्था आणि वाहनांचे उत्पादक या तिघांकडून ती प्रसृत होतात. ही सर्व मानके एकाच मोजपट्टीवर मांडता येत नाहीत.

अमेरिकेतील मोटारगाडी अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये केलेले वर्गीकरण केवळ श्यानतेवर आधारलेले होते. २०डब्ल्यू-४० यासारख्या खुणा त्यातूनच आल्या. तेल दाट की पातळ, एवढेच त्यांवरून कळते. ही उणीव १९३० नंतरच्या दशकात उघड झाली. कॅटरपिलर कंपनीच्या डीझेल एंजिनांत दट्ट्याच्या कड्या जळक्या थरांमुळे अडकून बसत. त्यावर उपाय म्हणून प्रक्षालक द्रव्ये मिसळलेली तेले आली व ती पारखण्यासाठी एका सिलिंडराचे चाचणी-एंजिन वापरात आले. उत्पादकांच्या स्वतंत्र मानकांचा उगम बहुतांशी येथेच आहे.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे पहिले वर्गीकरण १९४७ मध्ये झाले. पुढे पेट्रोल एंजिनांसाठी ‘एस’ व डीझेल एंजिनांसाठी ‘सी’ ही अक्षरमाला रूढ झाली. तीत पुढचे अक्षर म्हणजे अधिक चांगले तेल असा समज आहे. तो सरसकट खरा नाही. २०१६ मध्ये आलेला ‘एफए-४’ हा वर्ग पातळ तेलांचा असून जुन्या एंजिनांस तो चालत नाही.

यूरोपीय उत्पादकांच्या संघटनेने १९९६ पासून लागू केलेल्या मानकांत १५०° से. तापमानास व तीव्र कर्तनाखाली उरणाऱ्या श्यानतेला महत्त्व आहे. पनवेल तालुक्यातील ओवे गावानजीकच्या कळंबोलीहून निघालेला भारवाही ट्रक बोरघाट चढतो, तेव्हा धारव्यांतील तेलाच्या पटलाची कसोटी याच गुणावर लागते. फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ इ. उत्पादक याहून कडक अटी घालतात आणि त्यांची मान्यता तेलागणिक वेगळी घ्यावी लागते. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यावर डीझेल वाहनांत काजळी अडविणारे गाळक आले. काजळी जाळून टाकता येते. तेलातील धातुयुक्त पूरकांची राख मात्र जळत नाही व गाळक हळूहळू भरत जातो. म्हणून अशा वाहनांस अल्प राखेचे तेल लागते. जुन्या ट्रकांसाठी उत्तम ठरलेले, प्रक्षालकांनी समृद्ध असे तेल येथे अपायकारक ठरते.

भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १३६५६ हे मानक एंजिन तेलांसंबंधी आहे. परंतु महाराष्ट्रातील रस्त्यांवर संख्येने अधिक असलेल्या दुचाकींच्या बाबतीत जपानी मानकही पाहावे लागते. बहुतेक मोटारसायकलींत एंजिन, दंतचक्रपेटी व क्लच यांना एकच तेल पुरते. घर्षण कमी करणारी पूरके असलेले मोटारीचे तेल त्यांत घातल्यास क्लच घसरू लागतो. त्यामुळे ‘जासो’ मानकात पुरेसे घर्षण राखणाऱ्या तेलास ‘एमए’ व कमी घर्षणाच्या तेलास ‘एमबी’ अशी खूण आहे. क्लच तेलात बुडालेला नसलेल्या स्वयंचलित स्कूटरांस दुसरे चालते.