फ्रेडी मर्क्युरी आणि पाचगणीची वर्षे : एक ऐतिहासिक विचार

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय पाश्चात्य संगीताच्या इतिहासात ‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे स्थान वादातीत आहे. त्याच्या शालेय जीवनाचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे गेला, ही गोष्टही आता अपरिचित राहिलेली नाही. तथापि या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कोणता, याचा विचार बहुधा दोन टोकांना जाऊन केला जातो. काही लेखक पाचगणीचा उल्लेख एक नवलाची गोष्ट म्हणून करतात आणि लगेच लंडनकडे वळतात. काही लेखक त्याला ‘आपला’ ठरवून त्याच्या गायनात भारतीय सुरांचा शोध घेऊ लागतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, पाचगणीचा त्याच्या कलाजीवनाशी संबंध आहे आणि तो महत्त्वाचाही आहे. परंतु तो जेथे शोधला जातो तेथे नाही.

फरोख बुलसारा या नावाने त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे झाला. झांझिबार १८९० पासून ब्रिटिश संरक्षणाखाली होते. त्याचे वडील बोमी बुलसारा हे तेथील ब्रिटिश प्रशासनाच्या नोकरीत रोखपाल होते. गुजरात व मुंबई येथील पारशी कुटुंबे व्यापार आणि सरकारी नोकरी यांच्या निमित्ताने हिंदी महासागराच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. बुलसारा हे आडनावच मुळी बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, या गावाची आठवण देते. अशा कुटुंबांचे मुंबई इलाख्याशी नाते तुटलेले नव्हते. मुलाला वयाच्या आठव्या वर्षी बोटीने भारतात पाठवून पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलच्या वसतिगृहात ठेवण्यात आले, ते या नात्यामुळेच.

पाचगणीची घडण येथे ध्यानी घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी वसविलेले हे थंड हवेचे ठिकाण कालांतराने निवासी शाळांचे गाव झाले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी निर्माण झालेली ही शिक्षणव्यवस्था स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिली. बदलला तो मुख्यतः विद्यार्थिवर्ग. या शाळांतील दिनक्रम, खेळ, प्रार्थना आणि संगीत ही सर्व इंग्रजी वळणाची होती. सेंट पीटर्समध्ये मुख्याध्यापकांनी या मुलाची संगीतातील गती ओळखली आणि जादा शुल्क देऊन त्याला पियानो शिकवावा, असे पालकांना सुचविले. त्याने चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. शाळेच्या गायनवृंदातही तो होता. १९५८ मध्ये त्याने चार सोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद स्थापन केला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी हे पाच विद्यार्थी शाळेच्या समारंभांत वाजवीत. पुढे जगद्विख्यात गायक झालेला हा मुलगा त्या वाद्यवृंदात प्रमुख गायक नव्हता. तो पियानो वाजवीत असे.

हा तपशील वाटतो तितका क्षुल्लक नाही. मर्क्युरीच्या उत्तरकालीन रचनांमध्ये जे वैशिष्ट्य प्रकर्षाने दिसते, ते म्हणजे पियानोच्या आधारे स्वरसंवादाची केलेली बांधणी आणि अनेक आवाजांची एकावर एक रचना. या दोहोंचे प्राथमिक संस्कार पियानोचे शिक्षण आणि गायनवृंद यांतून त्याला पाचगणीत मिळाले होते. म्हणजे पाचगणीने त्याला दिले ते भारतीय संगीत नव्हे, तर पाश्चात्य संगीतच. येथे कोणी म्हणेल की, मग या प्रकरणाशी महाराष्ट्राच्या इतिहासाचा संबंध तो काय? वस्तुतः प्रश्नाचे मर्म येथेच आहे. पाश्चात्य संगीत हे बाहेरचे आणि राग-ताल हेच आपले, अशी विभागणी आपण गृहीत धरून चालतो. परंतु १९५० नंतरच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांतून गोव्याचे वादक जॅझ वाजवीत होते, रेडिओ सिलोनवरून इंग्रजी गाणी घरोघर ऐकू येत होती आणि पाचगणीच्या शाळेत मुले रॉक अँड रोल वाजवीत होती. हाही आपल्या प्रदेशाच्या सांस्कृतिक जीवनाचा एक भाग होता. आपल्या इतिहासलेखनाने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही, इतकेच.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. १० डिसेंबर १९६३ रोजी झांझिबार स्वतंत्र झाले आणि १२ जानेवारी १९६४ रोजी तेथे क्रांती होऊन सुलतानाची सत्ता उलथली. अरब आणि आशियाई रहिवाशांवर मोठे संकट कोसळले. बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेले आणि लंडनच्या पश्चिमेस फेल्टम येथे स्थायिक झाले. फरोखने ईलिंग येथील कलाविद्यालयात आरेखनकलेचे शिक्षण घेऊन १९६९ मध्ये पदविका मिळविली. १९७० मध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह त्याने ‘क्वीन’ची स्थापना केली, पुढच्या वर्षी जॉन डीकन त्यांना येऊन मिळाला. वाद्यवृंदाचे नाव त्यानेच सुचविले, बोधचिन्हही त्यानेच रेखाटले. १९७५ च्या ‘बोहेमियन रॅप्सडी’ या सुमारे सहा मिनिटांच्या रचनेने ब्रिटनमध्ये नऊ आठवडे अग्रस्थान राखले. २०२३ मध्ये लिलावात आलेल्या त्याच्या हस्तलिखित मसुद्यात या गीताचे आधीचे शीर्षक ‘मंगोलियन रॅप्सडी’ असे दिसते. ‘बोहेमियन’ हा शब्द नंतरचा. कलावंताच्या मनात शिरण्याचा दावा करणाऱ्या कितीतरी तर्कांपेक्षा असा एक खोडलेला शब्द अभ्यासकाला अधिक मोलाचा वाटावा.

याच काळात त्याने ‘मर्क्युरी’ हे आडनाव घेतले. आपले मूळ लपविण्यासाठी त्याने हे केले, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. पूर्व आफ्रिकेतील आशियाई लोकांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा ब्रिटनने १९६८ मध्येच केला होता आणि वर्णविद्वेषाचे वातावरण तीव्र होते, ही पार्श्वभूमी दृष्टिआड करता येत नाही. परंतु ‘फ्रेडी’ हे त्या नावाचे पहिले अर्धांग पाचगणीच्या शाळासोबत्यांनी दिलेले होते, हेही तितकेच खरे. नामांतराची प्रक्रिया लंडनमध्ये पूर्ण झाली. आरंभ सातारा जिल्ह्यात झाला होता.

पुढील कीर्तीचा इतिहास सुपरिचित आहे. त्यात १९८४ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे केलेल्या कार्यक्रमांचा डागही आहे; सांस्कृतिक बहिष्कार मोडल्याबद्दल वाद्यवृंदावर कठोर टीका झाली. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमात सुमारे वीस मिनिटांच्या गायनाने त्याने विराट समुदायास एकसूर केले. वाद्यवृंदासह त्याचा अखेरचा जाहीर कार्यक्रम ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे झाला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी आपणास एड्स झाल्याचे त्याने जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी त्याचे निधन झाले. त्याचा अंत्यविधी जरथुश्त्री धर्माच्या धर्मगुरूंनी केला, देहाचे मात्र दहन झाले. परंपरा आणि स्थलांतर यांची सांगड त्याच्या आयुष्यभर होती, तशी अखेरीसही राहिली.

तेव्हा मर्क्युरी भारतीय की ब्रिटिश, हा वाद अभ्यासकाला फारसे काही देत नाही. त्याऐवजी पाचगणीच्या शाळांचे दप्तर, त्यांची वार्षिके, संगीतपरीक्षांच्या नोंदी यांकडे आपल्या विद्यार्थ्यांनी वळावे. एका कीर्तिमंत विद्यार्थ्यामुळे ज्या जगाकडे आपले लक्ष गेले, त्यात अप्रसिद्ध राहिलेले शेकडो विद्यार्थी, शिक्षक आणि वादक होते. त्यांचा इतिहास लिहिला गेला, तरच या एकाचेही मूल्यमापन यथार्थ होईल.