ग्राहकांची क्रमवारी : सांख्यिकीय पूर्वानुमानाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

प्रत्येक संभाव्य ग्राहकापर्यंत पोहोचणे विक्रेत्याला परवडत नाही. त्यामुळे आधी कोणाकडे जावे, हा व्यापारातील जुनाच प्रश्न होय. पेठेतील दुकानदार तो ओळखीपाळखीने सोडवीत असे. विसाव्या शतकात ओळखीची जागा आकड्यांनी घेतली. या स्थित्यंतराचा आढावा घेताना क्रमवारीच्या तळाशी राहणाऱ्या व्यक्तीचे काय होते, याचाही विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

टपालविक्री आणि प्रतवारी

अमेरिकेत माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ मध्ये टपालाद्वारे विक्री सुरू केली. या व्यवसायात सूचीपत्रांची छपाई व टपालहशील हा मोठा खर्च असे. तो वाया जाऊ नये म्हणून पुढील काळात शेवटची खरेदी केव्हा झाली, किती वेळा झाली आणि किती रकमेची झाली, या तीन निकषांवर ग्राहकांची प्रतवारी रूढ झाली. यादीचे समान भाग पाडून वरच्या भागांना सूचीपत्र पाठवावयाचे आणि खालचे भाग वगळावयाचे, अशी ही रीत होती.

सांख्यिकीचा प्रवेश

१९३६ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी आयरिस फुलांच्या मोजमापांवरून त्यांच्या जाती वेगळ्या ओळखण्याची पद्धत मांडली. त्याच वर्षी प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा सांख्यिकीय अंतरावरील निबंध प्रसिद्ध झाला. फुलांसाठी वापरलेली रीत डेव्हिड ड्युरँड यांनी १९४१ मध्ये हप्त्यांच्या कर्जांना लावली. १९५६ मध्ये बिल फेअर व अर्ल आयझॅक यांनी कंपनी स्थापन करून गुणांकनाला व्यवसायाचे रूप दिले, तर १९८९ मध्ये सर्वसाधारण वापराचा 'फायको' गुणांक आला. कार्डाचा प्रस्ताव कोणाला टपालाने पाठवावा, हेही अशा गुणांकांवरून ठरू लागले.

गुणांकन आणि न्याय

ड्युरँड यांच्या गुणपद्धतीत स्त्री कर्जदारांना पुरुषांपेक्षा अधिक गुण मिळत होते, ही बाब येथे लक्षणीय ठरते. तरीही पुढील तीन दशके अनेक सावकारी संस्था स्त्रियांना पतीच्या सहीशिवाय कर्ज नाकारीत राहिल्या. म्हणजेच आकडे उपलब्ध झाले तरी पूर्वग्रह आपोआप मावळला नाही. त्यासाठी १९७४ चा समान पतसंधी कायदा करावा लागला. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात वंश, धर्म, वय आदी आधारांवरील भेदभावासही मनाई झाली. भारतात 'सिबिल'ची स्थापना २००० मध्ये झाली आणि पतमाहिती कंपन्यांचे नियमन करणारा कायदा २००५ मध्ये संमत झाला.

पद्धतीची मर्यादा

पूर्वानुमान भूतकाळातील नोंदींवर उभे असते. ज्याला सूचीपत्रच पाठविले नाही, त्याचा प्रतिसाद नोंदला जात नाही; ज्याला कर्ज नाकारले, त्याने ते फेडले असते काय, हे कळत नाही. नोंद नाही म्हणून संधी नाही आणि संधी नाही म्हणून नोंद नाही, असे हे चक्र आहे. ते तोडण्याचा एक मार्ग म्हणजे यादीच्या खालच्या भागातील काही नावे यदृच्छेने निवडून त्यांनाही संधी देणे. यात थोडा खर्च वाढतो. परंतु अनुमान तपासण्याचे साधन हाती येते.

समारोप

क्रमवारीमुळे विक्रेत्याचा खर्च वाचतो, हे निर्विवाद आहे. मात्र क्रमांक हा अनेकांच्या सरासरी वर्तनावरून बांधलेला अंदाज असतो. तो एका व्यक्तीविषयीचा निवाडा नव्हे. हा भेद यंत्राला कळत नाही, म्हणून तो जपण्याची जबाबदारी यंत्र वापरणाऱ्यावर राहते.