सुगरण : नाम, समज आणि निरीक्षण

पक्ष्यांच्या नरमादीसंबंधांचे वर्णन करताना आपण जे शब्द वापरतो, ते बहुतेक मानवी विवाहसंस्थेतून घेतलेले आहेत. एकपत्नीत्व, बहुपत्नीत्व, बहुपतित्व ही पदे सोयीची खरी. परंतु त्यांच्याबरोबर काही गृहीते नकळत शास्त्रात शिरतात. सुगरण पक्ष्याच्या अभ्यासाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

मराठीत ‘सुगरण’ म्हणजे गृहकृत्यांत निपुण स्त्री. हा शब्द ‘सुगृहिणी’शी जोडला जातो. पक्ष्यालाही हेच नाम मिळाल्याने विणकामाचे सर्व श्रेय ओघानेच मादीकडे गेले. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या सुप्रसिद्ध कवितेतही खोपा विणणारी ती मादीच आहे. हिंदीतील ‘बया’ हे नाम मात्र पुल्लिंगी आहे. एकाच पक्ष्याकडे दोन भगिनीभाषा अशा दोन दिशांनी पाहतात. लिंगभेदावरून लोकांच्या ज्ञानाचे माप काढणे अर्थातच योग्य होणार नाही. तथापि विणकर हा नर असतो, ही गोष्ट मराठी नाम झाकून ठेवते, एवढे निश्चित.

या पक्ष्याच्या वसाहतीत अर्धवट सोडलेली अनेक घरटी आढळतात. नर त्यांत बसून झोके घेतो, अशी त्यांची एक उपपत्ती प्रचलित होती. घरट्यातील चिखलाच्या गोळ्यांना काजवे चिकटवून पक्षी दिवे लावतो, अशीही लोकसमजूत होती. या समजुतींच्या जागी प्रत्यक्ष निरीक्षण आणण्याचे कार्य सालिम अली (१८९६–१९८७) यांनी केले. १९३० साली जर्मनीतील अभ्यास आटोपून ते परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा उरली नव्हती. अलिबागजवळील किहीम येथे वास्तव्य असताना त्यांनी पावसाळ्यात सुगरणींच्या वसाहतीचे सातत्याने निरीक्षण केले आणि १९३१ साली आपले निष्कर्ष मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

त्यांना आढळले ते असे. नर गवताच्या व झावळीच्या पात्यांचे धागे काढून घरटे शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत विणतो आणि तेथे थांबतो. मग माद्या येतात, घरट्यांची पाहणी करतात. एखादीने घरटे स्वीकारले, म्हणजे नर तिच्याशी जोडी जमवून अंड्यांची कोठडी व प्रवेशनलिका पुरी करतो. मादी अंडी उबवू लागली, की तो जवळच दुसरे घरटे आरंभतो व दुसऱ्या मादीची वाट पाहतो. अर्धवट घरट्यांचे कोडे येथे उलगडते : ती बहुतांशी न स्वीकारली गेलेली घरटी होत. उबवण्याचे काम मादीचेच; पिलांचे संगोपनही मुख्यतः तीच करते.

या व्यवस्थेस ‘क्रमिक बहुपत्नीत्व’ म्हणतात. परंतु ‘बहुपत्नीत्व’ म्हणताच एका धन्याने पुष्कळ स्त्रिया बाळगल्याचे चित्र उभे राहते. येथे निवड मादीची आहे. नरास मिळणाऱ्या माद्यांची संख्या माद्यांच्या पसंतीवर अवलंबून राहते. संज्ञेने नराची बाजू सांगितली. निर्णयाची बाजू अव्यक्त ठेवली.

पुढील संशोधनाने प्रश्नाची कक्षा वाढविली. सालिम अलींचे विद्यार्थी व्ही. सी. आंबेडकर यांचा भारतीय सुगरणींच्या प्रजननावरील प्रबंध मुंबई विद्यापीठाने १९६४ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जॉन क्रूक यांनी विणकर पक्ष्यांच्या अनेक जातींची तुलना करून दाखविले, की अरण्यातील कीटकभक्षी जाती बहुधा जोडीने व विखरून राहतात. गवताळ प्रदेशातील धान्यभक्षी जाती वसाहती करतात व त्यांत बहुपत्नीत्व आढळते. म्हणजे कुटुंबव्यवस्थेचे मूळ अन्न व निवारा यांच्या वाटणीत शोधावे लागते. २००५ साली सुहेल क्वादर यांनी दाखविले, की मादी घरट्याच्या विणीपेक्षा त्याच्या जागेकडे अधिक पाहते. ज्या कौशल्यावरून पक्ष्यास नाम मिळाले, ते तिच्या दृष्टीने दुय्यम ठरले.

नाम बदलण्याचे कारण नाही. ‘सुगरण’ हा सुंदर शब्द आहे आणि भाषा ही प्राणिशास्त्राची अनुक्रमणिका नव्हे. मात्र शास्त्रीय लेखनात नामाने सुचविलेला अर्थ व निरीक्षणाने सिद्ध झालेला अर्थ वेगळे ठेवण्याचे भान अवश्य हवे. ‘पत्नी’, ‘पती’, ‘निष्ठा’ हे शब्द पक्ष्यांस लावताना निवड कोणाची, श्रम कोणाचे आणि संगोपन कोणाकडे, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. किहीमच्या निरीक्षणांनी तिन्हींची उत्तरे निरनिराळी दिली, हेच त्यांचे मोल होय.