दुधाचे दरनियमन आणि सातारा-सांगलीचा ग्राहक

मुंबई इलाख्यात सरकारने दुधाच्या भावात प्रथम लक्ष घातले ते शहरातील ग्राहकासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत दुधाची टंचाई तीव्र झाली. १९४५ मध्ये आणंदहून मुंबईस दूध आणण्याची योजना सुरू झाली आणि १९४९ मध्ये आरे येथे म्हशींची वसाहत स्थापन झाली. १९४६ मध्ये दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दुधात पाणी व निःस्नेह दुधाची भुकटी मिसळून ‘टोन्ड’ दूध प्रचारात आणले. दर आटोक्यात ठेवण्यासाठी दुधाचे घटकच बदलावेत, ही त्यामागील दृष्टी होती.

ज्या जिल्ह्यांत दूध निर्माण होते तेथील ग्राहकाचा विचार या व्यवस्थेत नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झालेला आणि १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालेला जिल्हा, तसेच उर्वरित सातारा, येथे दूध हा मुख्यतः घरचा जिन्नस होता. ते दूरच्या बाजारात नेण्याची सोय थोडी होती. साताऱ्याजवळील लिंब येथून आलेल्या चितळे कुटुंबाने १९३९ मध्ये पुणे-मिरज लोहमार्गावरील भिलवडीस दुग्धव्यवसाय सुरू केला, त्यामागे रेल्वेची सोय हे महत्त्वाचे कारण दिसते. इतरत्र दुधाचे विरजण लागे, लोणी कढवून तूप विकले जाई आणि ताक घरी उरे. ताक विकणे कमीपणाचे मानले जाई. ते शेजारी व शेतमजुरांच्या वाट्यास येई.

पुढे मिरज येथे शासकीय दूधयोजना उभी राहिली, सहकारी संघ वाढले आणि गावोगाव संकलन होऊ लागले. आता दुधाला घरबसल्या रोख दाम मिळू लागले. लहान शेतकऱ्यास पंधरवड्याचा पगार मिळाला, हा या व्यवस्थेचा निर्विवाद लाभ होय. परंतु सकाळचे दूध संकलनकेंद्रावर गेले, तशी घरातील घुसळण कमी झाली आणि ज्या मजुराच्या दारी जनावर नव्हते त्याचे फुकट ताक गेले. हा ग्राहक कोणत्याही दरपत्रकात नोंदलेला नव्हता, म्हणून त्याचे नुकसानही नोंदले गेले नाही.

१९९२ च्या केंद्रीय दूध व दुग्धपदार्थ आदेशाने नोंदणीवर नियंत्रण आणले; दर मात्र त्याने ठरविले नाहीत. राज्यातील दरनियमनाचा रोख पुढे उत्पादकाकडे वळला. जून २०१७ च्या शेतकरी संपानंतर राज्य सरकारने गाईच्या दुधाचा खरेदीदर लिटरमागे २४ वरून २७ रुपये केला. भुकटीचे भाव कोसळल्यावर प्रत्यक्षात उत्पादकास त्याहून कमी मिळू लागले. जुलै २०१८ च्या आंदोलनानंतर २५ रुपयांचे आश्वासन आणि भुकटीसाठी अनुदान देण्यात आले. खासगी संस्थांवर खरेदीदराची परिणामकारक सक्ती नव्हती. किरकोळ विक्रीवरही कमाल मर्यादा नव्हती. त्यामुळे पुष्टकाळात उत्पादकाचा भाव घसरला तरी पिशवीचा भाव त्या प्रमाणात उतरण्याची हमी ग्राहकास नव्हती.

तात्पर्य, दराच्या एका टोकास बांधले की भार दुसऱ्या टोकाकडे सरकतो. प्रथम शहराच्या स्वस्ताईचा आणि नंतर उत्पादकाच्या किफायतीचा विचार झाला. दोन्ही वेळी सातारा-सांगलीतील दुभत्याविना राहणारे कुटुंब हिशेबाबाहेर राहिले. दरनियमनाचे मूल्यमापन करताना रुपयांच्या आकड्याबरोबर या घरातील वाटीभर ताकाचाही विचार करावा लागेल.