सरोवराकांठचीं व्याख्यानें

वसंत आणि व्याख्यान यांची सांगड पुणेकरांस नवी नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८७५ सालीं सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे. परंतु तेथें वसंत हा केवळ सोयीचा काळ. व्याख्यानाचा विषय नव्हे. वसंतालाच विषय करून, श्रोत्यांना खुर्चीवरून उठवून झाडाखालीं नेणारीं व्याख्यानें अमेरिकेंत एका सरोवराच्या कांठीं नांवारूपास आलीं. त्यांची हकीकत जितकी सुखद, तितकीच मनाला टोंचणारी आहे.

कॅलिफोर्निया व नेवाडा यांच्या सीमेवर सुमारें सव्वासहा हजार फूट उंचीवर टाहो नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या दक्षिणेस, हिमनदीनें रचलेल्या दगडमातीच्या बांधामुळें त्याच्यापासून अलग झालेलें, 'फॉलन लीफ' म्हणजे 'गळलेलें पान' या नांवाचें एक लहान सरोवर आहे. अशा उंचीवर वसंत पंचांग पाहून येत नाहीं. तो डोंगर चढत चढत येतो. खालच्या खोऱ्यांतील फुलें सुकून गवत पिवळें पडलें कीं मग येथें बर्फ वितळूं लागतें, आणि जून-जुलैंत येणाऱ्या शहरवासीयास एकाच वर्षांत दुसरा वसंत पाहावयास मिळतो. बर्फ सरतांच सूचिपर्णी वृक्षांखालच्या जमिनींतून एक लालभडक कोंब वर येतो. त्याच्या अंगीं हिरवेपणाचा लवलेशही नाहीं. स्वतःचें अन्न स्वतः तयार करणें त्यास शक्य नसतें, म्हणून मुळांपाशीं राहणाऱ्या बुरशीच्या द्वारें तो शेजारच्या वृक्षांकडून तें मिळवितो. ज्याला हें ठाऊक नाहीं, तो 'काय सुंदर रंग!' म्हणून पुढें जातो. ज्याला कोणी सांगतो, तो खालीं बसून पाहूं लागतो. हा जो खालीं बसण्याचा क्षण, त्याचाच हा इतिहास आहे.

फॉलन लीफच्या कांठीं विल्यम प्राइस नांवाच्या एका निसर्गाभ्यासी गृहस्थानें अतिथिगृह चालविलें होतें. १९१९ च्या उन्हाळ्यांत तेथें व टाहोभोंवतालच्या इतर विश्रामस्थळीं पाहुण्यांसाठीं निसर्गविषयक व्याख्यानें आणि फेऱ्या ठेवण्यांत आल्या. बोलणारे दोघेही पक्षिशास्त्रज्ञ. लॉय मिलर हे लॉस एंजेलिसमधील ला ब्रेआच्या डांबरी डबक्यांत सांपडलेल्या पुरातन पक्ष्यांच्या अस्थींचे अभ्यासक. परंतु जिवंत पक्ष्यांच्या शीळाही ते हुबेहूब घालीत. मेलेल्या पक्ष्याच्या हाडावर आयुष्य घालविणाऱ्या विद्वानास जिवंत पक्ष्याचा आवाज काढतां येणें हा योग आमच्या विद्यापीठांत तरी दुर्मिळच! दुसरे हॅरोल्ड ब्रायंट. हे कॅलिफोर्निया सरकारच्या शिकार व मत्स्य मंडळाकडे लोकशिक्षणाचें काम पाहात.

त्याच उन्हाळ्यांत स्टीफन मेदर तेथें आले. टांकणखाराच्या धंद्यांत श्रीमंत झालेले हे गृहस्थ १९१६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यान खात्याचे पहिले संचालक. अतिथिगृहांतील व्याख्यानाचा दिवाणखाना माणसांनीं गच्च भरलेला पाहून ते चकित झाले. सुट्टी घालविण्यास आलेलीं माणसें निसर्गावरील प्रवचनास एवढी गर्दी करितात, याचा अर्थ त्यांनीं तत्काळ ओळखला. उद्यानांस कायदा होता, हद्द होती. पण त्यांचें रक्षण व्हावयाचें तर तीं लोकांस आपलीं वाटलीं पाहिजेत. हें काम पहारेकऱ्याच्या हातचें नव्हतें. मेदरनीं या दोघांस योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानांत येण्याचा आग्रह केला, आणि १९२० सालीं तेथें निसर्ग-मार्गदर्शनाची विनामूल्य सेवा सुरू झाली. सकाळीं पायीं फेरी, मुलांसाठीं वेगळी फेरी, रात्रीं शेकोटीभोंवतीं भाषण, असा तिचा क्रम असे.

यांतील 'विनामूल्य' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे क्षेत्रोपाध्याय यात्रेकरूस क्षेत्रमाहात्म्य सांगतो. पण ऐकणाऱ्याचें अर्धें लक्ष दक्षिणेच्या आंकड्याकडे असतें. योसेमिटींत गिरणीतला मजूर आणि पेढीचा मालक एकाच वाटाड्यामागून चालूं शकत. पुढें १९२५ मध्यें ब्रायंट यांच्या देखरेखीखालीं असे मार्गदर्शक तयार करणारी शाळाही तेथें निघाली. १९२१ पासून एनिड मायकेल या बाईंनीं तेथें मार्गदर्शकाचें काम पत्करिलें व उद्यानाच्या पत्रिकेंत पांचशेंहून अधिक लेख लिहिले. याच दशकांत, १९२६ सालीं, मुंबईच्या तेव्हांच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयांत सालिम अली यांची प्रेक्षकांस माहिती सांगणारे व्याख्याते म्हणून नेमणूक झाली होती, हें या ओघांत आठवतें.

या कल्पनेचें सर्वच श्रेय फॉलन लीफला देणें मात्र अन्यायाचें होईल. कोलोरॅडोंतील लाँग्ज शिखराच्या पायथ्याशीं इनॉस मिल्स हे आपल्या अतिथिगृहांतून अशा फेऱ्या आधींपासून काढीत. १९१७ मध्यें एस्थर व एलिझाबेथ बर्नेल या भगिनींस राष्ट्रीय उद्यान खात्याकडून मार्गदर्शक म्हणून परवानाही मिळाला होता. पैकीं एस्थर पुढच्याच वर्षीं मिल्स यांच्या पत्नी झाल्या. मिल्स यांच्याजवळ कल्पना होती, मेदरपाशीं सरकारी खातें होतें. इतिहासांत खात्याचें नांव अगोदर लागतें.

आतां टोंचणारी गोष्ट. टाहोवरील उपक्रमामागें पैसा आणि चिकाटी होती ती सॅक्रामेंटो शहरचे धनिक चार्ल्स गेटी व त्यांच्या पत्नी मेरी यांची. स्वित्झर्लंडमध्यें शाळेच्या मुलांस रानांत हिंडविणारे शिक्षक पाहून त्यांनीं ही प्रेरणा घेतली होती. फुलाझाडांवर गेटींचें प्रेम खरें होतें, यांत शंका नाहीं. परंतु हेच गेटी सुप्रजाजननाचे कडवे पुरस्कर्ते. १९३३ मध्यें उत्तर कॅलिफोर्नियांत त्यांनीं या मताची संस्था काढली. मेक्सिकोंतून आलेल्या श्रमिकांस ते हीन वंशाचे मानीत, आणि हिटलरच्या जर्मनींत चाललेल्या सक्तीच्या निर्बीजीकरणाची त्यांनीं वाखाणणी केली. हें केवळ मत नव्हतें. कॅलिफोर्नियांत १९०९ च्या कायद्यापासून तो १९७९ मध्यें रद्द होईपर्यंत सुमारें २०,००० स्त्रीपुरुषांचें असें निर्बीजीकरण झालें. परक्यांकडे बोट दाखवितांना आपलेंही स्मरण असावें: प्रा. ना. सी. फडके यांनीं १९२७ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत याच शास्त्राची हिंदुस्थानासाठीं तरफदारी केली होती.

निसर्गाच्या सहवासानें मन विशाल होतें, असें आम्ही मास्तर लोक सहलीस निघतांना मुलांना हटकून सांगतों. गेटींचें चरित्र वाचल्यापासून तें वाक्य माझ्या तोंडून निघत नाहीं. पक्ष्याचें नांव, त्याचें घरटें, त्याची शीळ हें सर्व जाणणारा मनुष्य शेजारच्या मनुष्याला निरुपयोगी तण समजूं शकतो. मग गेटींच्या पैशानें पाहावयास शिकलेल्या त्या पाहुण्यांचें शिकणें खोटें ठरतें काय? मला तसें वाटत नाहीं. दात्यानें माणसांची वर्गवारी केली. मिलर-ब्रायंट यांच्या फेरीनें ती केली नाहीं, आणि योसेमिटींत दार सर्वांस उघडें राहिलें. सॅक्रामेंटोंतील नदीकांठच्या उद्यानास असलेलें गेटींचें नांव २००८ मध्यें काढून टाकण्यांत आलें, तें योग्यच झालें. फेऱ्या कोणीं बंद केल्या नाहींत, तेंही योग्यच.

त्या दिवाणखान्यांत आणखी एका गोष्टीचा उल्लेख किती होत असेल, याचा विचार माझ्या मनांत येतो. ज्या अरण्याच्या छायेंत पाहुणे फिरत, त्यांतला पुष्कळ भाग कोवळा होता. नेवाडांत १८५९ सालीं कॉमस्टॉकची चांदी सांपडली, आणि खाणींतील आधारांसाठीं टाहोभोंवतालचे जुने वृक्ष पुढील तीसेक वर्षांत तोडले गेले. त्याच लोंढ्यांत वाशो लोकांची भूमि गेली. हे लोक दर वसंतांत, बर्फ ओसरतांच, पूर्वेच्या खोऱ्यांतून सरोवराकांठीं येत, मासे धरीत, कंदमुळें गोळा करीत. कोणता कंद केव्हां उकरावा, कोणत्या ओढ्यांत मासे कधीं चढतात, हें त्यांचीं मुलें वडील माणसांच्या मागून चालतां चालतां शिकत.

फॉलन लीफमधून निघून टाहोस मिळणाऱ्या टेलर नांवाच्या ओढ्याकांठीं पुढें वनखात्यानें पाऊलवाटा आंखल्या, आणि ओढ्याच्या कुशींत कांचेच्या खिडकीची एक खोली बांधली. तींत उभें राहिलें कीं पाण्याखालचे मासे डोळ्यांसमोरून जातात. येणारा प्रत्येक जण ज्या सरोवराचें नांव विचारीत येतो, तो 'टाहो' शब्द वाशोंच्या भाषेंतील सरोवरवाचक शब्दाचा अपभ्रंश आहे.