हजेरीपट कोणाच्या कपाटात?

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली संजित रॉय विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात एक महत्त्वाचा निकाल दिला. दुष्काळी कामावरील मजुरांना किमान वेतनाहून कमी मजुरी देणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरवलेली वेठच होय, असे न्यायालयाने म्हटले. अशा कामांना कामगार कायद्यांतून सूट देणारा राजस्थानचा १९६४ चा कायदा त्या प्रमाणात निष्प्रभ झाला. हक्क सिद्ध झाला. मजुरी मात्र वाढली नाही.

याचे कारण हजेरीपटात होते. मजूर दिवसभर माती खणत. संध्याकाळी किती काम झाले याची नोंद दुसराच कोणी करी. काम कमी भरले असे लिहिले की मजुरी कापली जाई. मजुराने तक्रार केली तर अधिकारी कागदाकडे बोट दाखवीत, आणि तो कागद पाहायला मागितला तर ते सरकारी गुपित ठरे. १९२३ चा ब्रिटिशकालीन शासकीय गुपिते कायदा शाबूत होताच. ज्याच्याविरुद्ध दाद मागायची, पुरावाही त्याच्याच कपाटात!

राजस्थानातील देवडुंगरी या लहानशा गावात राहून काम करणाऱ्या अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह यांनी स्थानिक शेतकरी-मजुरांसह १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन केले. उपोषणे झाली, धरणी झाली. प्रत्येक वेळी वाद त्याच कागदापाशी येऊन अडे. तेव्हा मागणीच बदलली : आधी नोंदी दाखवा.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई भरली. रीत अगदी साधी होती. मिळवलेल्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचायच्या आणि ज्याचे नाव येईल त्याने उठून सांगायचे. या आणि पुढच्या जनसुनवायांत कधीही कामावर न गेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची, मृतांचीही नावे हजेरीपटावर निघाली. कागदावर पूर्ण झालेली बांधकामे प्रत्यक्षात अर्धवट उभी होती. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी केलेले हे लेखापरीक्षण होते, आणि ते शासकीय लेखापरीक्षणाहून नेमके होते. कारण शेजारचा माणूस त्या दिवशी कुठे होता हे गावाला ठाऊक असते. ग्रामसेवकांनी नोंदी दाखवण्यास विरोध केला, संपही पुकारला.

मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी एप्रिल १९९५ मध्ये विधानसभेत प्रती देण्याचे आश्वासन दिले. वर्ष उलटले तरी आदेश निघेना. ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणे चालले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्याच आंदोलनाची. धरण्याच्या तोंडावर शासनाने नोंदी पाहू देण्याचा आदेश काढला, पण छायाप्रत नाकारली. हा भेद किरकोळ वाटतो खरा. परंतु नुसते पाहिलेले पान न्यायालयात सादर करता येत नाही. प्रमाणित प्रतीवाचून हक्काला हातपाय नसतात, हे मजुरांना पक्के कळले होते.

पुढे १९९७ मध्ये जयपुरात त्रेपन्न दिवसांचे धरणे झाले. त्याच्या अखेरीस, जुलैमध्ये, शासनाने जे जाहीर केले त्याला इतिहासात तोड सापडणे कठीण : पंचायतीच्या नोंदींच्या प्रती देण्याची अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात प्रसिद्ध झाली होती. माहिती खुली करणारा आदेशच गुप्त राहिला होता!

राजस्थानचा माहिती अधिकार कायदा २००० साली संमत झाला. महाराष्ट्राने २००२ मध्ये आपला स्वतंत्र, अधिक प्रभावी कायदा आणला. त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा पूर्णतः अमलात आला आणि प्रमाणित प्रत घेणे हा माहितीच्या अधिकाराचाच भाग ठरला.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यावर महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा ठसा स्पष्ट दिसतो. त्यातील कलम १७ मात्र कोटकिरानाची आठवण करून देते : सामाजिक लेखापरीक्षणासाठी ग्रामपंचायतीने सर्व कागदपत्रे ग्रामसभेपुढे ठेवायची. त्या कागदपत्रांच्या यादीत पहिलेच नाव हजेरीपटाचे आहे.