मेटॅडोर, हळद आणि तीन नंबरचा हीटर

परवा ऑफिसमध्ये जेवताना मी गावाकडच्या पेपरातली एक बातमी वाचत होतो. 'धान भरलेला मेटॅडोर उलटला, चालक किरकोळ जखमी.' शेजारी बसलेल्या पुणेकर मित्राने डोकावून विचारलं, "मेटॅडोर म्हणजे तो बैलांशी लढतो तोच ना? तुमच्याकडे धान भरतात त्याच्यात?"

माझा घास घशात अडकला. हसावं की रडावं कळेना. गंमत म्हणजे हा गृहस्थ रोज अकुर्डीवरून ऑफिसला येतो. ज्या कारखान्याच्या भिंतीला लागून त्याची बस सिग्नलला थांबते, तिथेच अनेक वर्षं मेटॅडोर तयार होत होत्या.

तर मंडळी, आजचा विषय मेटॅडोर. म्हणजे इतिहास मेटॅडोरचा, पण कारण आमची मेटॅडोर.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीचा. धानाच्या बांध्या, जुने मालगुजारी तलाव, जंगल, राईस मिल आणि गोंदिया-बल्लारशा लाईनवरचं एक स्टेशन. आमच्याकडे चार चाकांच्या कुठल्याही छोट्या मालगाडीला अजूनही 'मेटाडोर' म्हणतात, बोनेटवर नाव कुठल्याही कंपनीचं असो. उरलेला महाराष्ट्र तिलाच 'टेम्पो' म्हणतो. या दोन शब्दांचं मूळ एकाच कारखान्यात आहे आणि तो कारखाना होता जर्मनीत, हॅम्बुर्गला.

विडाल नावाच्या बापलेकांची ही कंपनी. १९२०च्या दशकापासून 'टेम्पो' या नावाने स्वस्त तीनचाकी मालगाड्या बनवायची. युद्धात जर्मनी भुईसपाट झाला आणि १९४९ साली यांनी चारचाकी 'मेटॅडोर' बाजारात आणली. स्वतःचं धड इंजिन नव्हतं, म्हणून त्यात बसवलं फोक्सवॅगन बीटलचं! ताकद पुढच्या चाकांना, त्यामुळे मागे शाफ्ट वगैरे काही नाही आणि माल ठेवायची फळी एकदम खाली, जमिनीजवळ. हमालांची पाठ वाचली. पण १९५० साली फोक्सवॅगनने स्वतःची ट्रान्सपोर्टर व्हॅन काढली. मग प्रतिस्पर्ध्याला आपली इंजिनं कोण देणार? पुरवठा बंद झाला. टेम्पोवाल्यांनी आधी हाइंकेलचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं (हो, तेच हाइंकेल, युद्धात बॉम्बर विमानं बनवणारे), ते फारसं जमलं नाही, मग इंग्लंडच्या ऑस्टिनचं इंजिन आणलं. म्हणजे ही गाडी जन्मापासूनच 'जे मिळेल ते बसवा' या तत्त्वावर चाललेली. आमच्या गावच्या मिस्त्रीला हे कळलं असतं तर त्याने हॅम्बुर्गला नमस्कार केला असता.

इकडे १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली. नवलमल फिरोदियांनी मुंबईत गोरेगावला 'हॅन्सीट' नावाची तीनचाकी बनवायला सुरुवात केली आणि पुढे कारखाना अकुर्डीला आला. ही तीनचाकी म्हणजे आपला मूळ 'टेम्पो'. मेटॅडोर आली १९६९ साली. पुढच्या तीस वर्षांत ती शाळेची गाडी झाली, ॲम्ब्युलन्स झाली, दूध, पेपर, लग्नाची वऱ्हाडं सगळं तिने वाहिलं. तिकडे जर्मनीत टेम्पोला हॅनोमागने गिळलं आणि हॅनोमागच्या गाड्यांचा धंदा डाइमलर-बेंझकडे गेला. १९७०च्या दशकात तर याच व्हॅनचा जर्मन अवतार पुढे मर्सिडीजचा तारा लावून विकला जायचा! त्याच नात्यातून १९८०च्या दशकात आपल्या मेटॅडोरमध्ये मर्सिडीजचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन आलं. २.४ लिटर, चार सिलिंडर. १९७३ च्या मर्सिडीज २४० डी कारमध्ये होतं तेच. जर्मनीतल्या टॅक्सीवाल्यांनी ज्या इंजिनावर लाखो किलोमीटर काढले, ते इंजिन सिंदेवाहीत धानाची पोती ओढत होतं.

बाबांना हे माहीत होतं आणि ते त्याचा यथेच्छ वापर करायचे. कोणी गाडीला नावं ठेवली की म्हणायचे, "मर्सिडीज आहे नं बाप्पा."

बाबांनी मेटॅडोर घेतली १९९९ मध्ये, सेकंडहँड. तेव्हाच ती बारा वर्षांची होती, म्हणजे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. पुढच्याच वर्षी, २००० साली, अकुर्डीत मेटॅडोर बनणं बंद झालं. आमच्या गाडीचे हाल आणि तिच्यावरचे उपाय सुरू झाले ते त्यानंतर. यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष काही नाही. वीस वर्षांच्या गाडीत चाळीस पोत्यांच्या जागी साठ टाकली तर ती आणखी काय करणार?

आमचा मिस्त्री नाक्याजवळ पळसाच्या झाडाखाली बसायचा. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुठलंही काम केलं की हात पुसत म्हणायचा, "आजच्यापुरतं चालून जाते भाऊ. मंग पाहू." हे 'मंग पाहू' म्हणजे आपण कोडमध्ये टाकतो ती 'टूडू' कॉमेंट. दोन्हीचं भवितव्य सारखंच.

काही नमुने सांगतो. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद. हळदीचे कण फुगतात, पाण्याबरोबर भेगेपर्यंत जातात आणि तिथे अडकून बसतात. गळती खरंच थांबते. दोन महिन्यांनी रेडिएटरच्या बारीक नळ्याही थांबतात, तो भाग वेगळा. डिझेलच्या टाकीच्या जोडाला झिरपा लागला की अंगाचा साबण कोरडाच घासायचा. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये नाही. त्यावर एम-सील लावून उपयोग नसतो, कारण तेलकट पत्र्यावर ते धरतच नाही. हे मी सातवीत शिकलो, रसायनशास्त्राच्या तासाला नव्हे. पाटा तुटला की लाकडाचा ठोकळा आणि ट्यूबचं रबर करकचून बांधायचं. आणि डिझेल संपून लाईनमध्ये हवा शिरली की हातपंप मारत बसायचं. हे काम माझं. बाबा नळीचा नट सैल करून बघत राहायचे, फेस जाऊन स्वच्छ डिझेल आलं की ओरडायचे, "बस्स!"

पण माझा सगळ्यात आवडता उपाय हीटरचा. या इंजिनात थंडीत चालू करण्याआधी प्रत्येक सिलिंडरमधली एक तार गरम करावी लागते, तिला आमच्याकडे हीटर म्हणतात. जुन्या पद्धतीत चारही हीटर एकाच माळेत, दिवाळीच्या जुन्या लाईटच्या माळेसारखे. एक गेला की चारही थंड. आमचा तीन नंबरचा गेला. नवीन मिळायला नागपूर गाठावं लागणार. मिस्त्रीने वायरचा एक तुकडा घेतला आणि तीन नंबरला वळसा घालून दोनहून थेट चारला जोडला. गाडी चालू! तीन सिलिंडर आधी पेट घ्यायचे, चौथा मागून खोकत यायचा. दोष एवढाच की उरलेल्या तिघांतून आता जास्त करंट जायचा आणि ते लवकर जळायचे. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी सीरिज सर्किट शिकवताना सर फळ्यावर चार रेझिस्टर काढत होते आणि मला पळसाचं झाड दिसत होतं.

असली कामं आमच्याच काळातली असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर आलं तेव्हा देशभर बस आणि लॉऱ्यांच्या पाठीला कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लावल्या होत्या. कोळसा पेटवायचा, त्याचा धुरकट गॅस गाळून इंजिनात सोडायचा. ताकद कमी, चढाव आला की उतारूंनी उतरायचं. जर्मनीतही तेव्हा लाकडाच्या गॅसवर गाड्या धावत होत्या. टंचाई आली की माणसं कुठेही साधारण सारखीच वागतात.

असो. आता जरा कमी गमतीचा भाग.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई सुरू होते आणि तिच्याबरोबर नाटकांचा हंगाम. झाडीपट्टी रंगभूमी. आता तिचं नाव पुण्या-मुंबईतही ऐकू येतं, २०२३ मध्ये तिथल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा माझ्या टीममध्ये दोघांनी मला विचारलं होतं. हिचं मुख्य ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. रात्री दहा-अकराला नाटक सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. हंगामात कंपन्यांना जवळपास रोज एक गाव. नट, वादक, पडदे, लाईट, पेटी-तबला सगळं गाडीत घालून पळायचं. बाबांची मेटॅडोर हंगामभर अशाच एका कंपनीला लागलेली असायची. वर्षाची कमाई त्या तीन-चार महिन्यांत. माझी शाळेची फी त्यातलीच.

२००८ च्या जानेवारीत पुढच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल गळायला लागलं. व्हील सिलिंडरमधलं रबर खलास. किट फार महाग नसतं, पण गावात नव्हतं. चंद्रपूरहून आणायचं तर गाडी एक-दोन दिवस उभी, आणि त्या आठवड्यात एकही रात्र मोकळी नव्हती. मिस्त्रीने त्या चाकाची नळी उघडली, जुन्या बेअरिंगमधली एक गोळी तिच्या तोंडात बसवली आणि नट आवळला. त्या चाकाचा ब्रेक बंद, बाकी तीन चालू. "मंग पाहू."

ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची. बाबांनी त्याची सवय करून घेतली. आपणही प्रॉडक्शनमधल्या माहीत असलेल्या बगची करून घेतो तशी.

पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी मी गाडीत होतो, बाबांच्या शेजारी. मागे चौदा माणसं. समोर रेल्वेचं फाटक पडलेलं. बाबांनी ब्रेक दाबला आणि पॅडल पार खाली गेलं. त्या गोळीच्या जोडातून हळूहळू ऑइल झिरपत होतं आणि जुन्या गाडीत चारही चाकांची लाईन एकच. एका ठिकाणचं ऑइल गेलं की चारही चाकं गेली. हँडब्रेकची केबल आदल्या पावसाळ्यातच तुटली होती. तिचंही 'मंग पाहू' झालेलं.

बाबा काही बोलले नाहीत. तिसरा, दुसरा असा गिअर टाकत गेले. इंजिन किंचाळत होतं. फाटक तरीही जवळ येत होतं आणि मला मालगाडीचा हॉर्न ऐकू येत होता. मग त्यांनी स्टिअरिंग डावीकडे मारलं आणि गाडी रस्ता सोडून बांधीत उतरली. धान केव्हाच कापलेलं होतं, लाखोळी उभी होती. एक धुरा फोडून दुसऱ्या धुऱ्याला गाडी अडकली. पडद्यांचे बांबू पुढे आले. कोणीतरी मागून शांतपणे म्हणालं, "आलं का जी गाव?"

नाटकात आईची कामं करणाऱ्या एका बाईंचा हात मनगटात मोडला. बाकीच्यांना खरचटलं. त्या बाईंनी प्लास्टर पदराखाली झाकून त्याच रात्री काम केलं, कारण त्यांच्या जागी दुसरी बाई नव्हती. तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आज त्याचा अभिमान वाटत नाही. जुगाडाचं कौतुक करणारे लेख वाचले की मला ते प्लास्टर आठवतं. हळद आणि साबण चुकले तर गाडी रस्त्यात उभी राहते. ब्रेकमधली गोळी चुकली तर ती उभी राहतच नाही. मिस्त्रीला हा फरक कळत नव्हता असं नाही, बाबांनाही कळत होता. त्या आठवड्याचे पैसे सोडणं परवडत नव्हतं, एवढंच.

बाबांनी त्या बाईंच्या दवाखान्याचा खर्च दिला आणि हंगाम अर्ध्यावर सोडला. चारही चाकांचे किट, नळ्या आणि हँडब्रेकची केबल स्वतः जाऊन आणली. मिस्त्रीकडचं काम चालूच ठेवलं, फक्त ब्रेकचं नट उघडलेलं असताना ते तिथून हलायचे नाहीत. त्या वर्षी माझी सहल राहिली.

२०११ मध्ये पत्रा इतका सडला की फळीतून रस्ता दिसायला लागला. भंगारवाल्याने बॉडी किलोवर घेतली. इंजिन मात्र वेगळं विकलं गेलं. मेटॅडोरचं डिझेल इंजिन जुन्या जीपमध्ये किंवा ॲम्बेसेडरमध्ये बसवणं हा एकेकाळी देशभरचा उद्योग होता, पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांना त्याने दुसरा जन्म दिला. आमचं इंजिन नवरगावकडच्या एका शेतकऱ्याच्या जीपमध्ये गेलं. आरसी बुकात काय नोंद आहे ते मी विचारलेलं नाही :)

गेल्या दिवाळीत बाबांना घेऊन तिकडे गेलो होतो. जीप अंगणात उभी होती, वर भोपळ्याचा वेल चढायच्या बेतात. शेतकरीबुवांनी हीटरचं बटण ओढून धरलं, मनात काहीतरी मोजलं आणि सेल्फ मारला. तीन सिलिंडर लगेच लागले. चौथा मागून खोकत आला. बाबांनी बोनेट उघडायला सांगितलं, आत वाकून पाहिलं आणि मला बोलावलं. दोनहून चारला गेलेली ती वायर अजून तिथेच होती.